कोरडं वंगण

आई आणि आण्णांचं बाकी सगळ्या बाबतींत जमायचं, तेलावरून मात्र कधी जमलं नाही. आई फलटणकडच्या ऊसवाल्या घरातली. तिच्या माहेरी बैलगाडीच्या चाकापासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत जे म्हणून कुरकुरेल त्याला तेल लावायचं, हा एकच इलाज. लग्न होऊन साताऱ्यात आमच्या दोन खोल्यांत आली तरी तिनं तो सोडला नाही. दाराच्या बिजागऱ्यांना एरंडेल, माझ्या केसांना खोबरेल, थंडीत आण्णांच्या पाठीला तिळाचं तेल, आणि खिडकीखालच्या तिच्या शिलाई मशीनला दर सोमवारी चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीतून मशीनचं पांढरं तेल. घरात शिरलं की आधी तेलाचा वास यायचा, मग फोडणीचा. आणि त्याच घरात आण्णांची अवजारांची पेटी होती, जिच्यात तेलाचा एक थेंब शिरायला बंदी होती.

आण्णा पियानो दुरुस्त करायचे. साताऱ्यात हे सांगितलं की लोक दोनदा विचारायचे. ते पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. पुण्यात असताना कँपातल्या एका म्हाताऱ्या गोवेकर मिस्त्रीकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचे, आणि तिथं पियानोचं काम शिकले. पेन्शनीत आल्यावर तेच करू लागले. पाचगणीच्या शाळांमधले पियानो, एकदोन चर्चमधले, सांगली-मिरजेकडं दोनतीन घरांत वर फोटो मांडून ठेवलेले. उरलेलं वर्षभर पेट्या, म्हणजे हार्मोनियम. त्यामुळे आमच्या घरी सकाळी एका खोलीत मशीनची खडखड आणि दुसऱ्या खोलीत एकच सूर, पुन्हा पुन्हा तोच, जरा वर, जरा खाली. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "तुमचे मालक पुढचं गाणं कवा वाजवत्यात?"

आण्णांच्या अवजारांच्या पेटीत वंगण होतं, पण सगळं कोरडं. एका डबीत शंखजिऱ्याची पांढरी पूड, टाल्कमसारखी. दुसरीत शिसपेन्सिलीचं शिसं, आईच्या खलबत्त्यात कुटून केलेलं, त्यावरून एकदा घरात दोन दिवस अबोला झाला होता. मेणबत्तीचा तुकडा. आणि व्हॅसलीनची एक चपटी डबी, ती फक्त पायाखालच्या पॅडलच्या लोखंडासाठी. आई ती पेटी बघून दरवेळी म्हणायची, "आवं, येवढं कुरकुरतंय म्हनता, दोन थेंब सोडलं तर काय बिघडंल?"

"हौसा, ते लाकूड हाय आन् लोकर हाय," आण्णा सांगायचे. "लोकर त्याल पिती. पिली की फुगती. फुगली की पट्टी गच्च बसती."

"मग माजी मशीन कशी चालती?"

"ती लोखंडाची हाय."

हा संवाद मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला की आजही सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या गॅलरीत बसून तो दोघांच्या आवाजांत म्हणून दाखवू शकते. मागच्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअर पोरगा आजोबांची पेटी घेऊन माझ्याकडे आला. पट्ट्या अडकत होत्या म्हणून त्यानं मोबाईलवर बघून आत गंज काढायचा स्प्रे मारला होता. आता सगळ्याच अडकल्या होत्या. मी त्याला काही बोलले नाही. मला कुणाला बोलायचा हक्क नाही, आणि तो का नाही हेच इथं लिहायचं आहे.

कॉलेजात जायला लागल्यापासून मी आण्णांबरोबर पाचगणीला जात होते. माझी बोटं बारीक, जिथं त्यांचा हात जात नसे तिथं माझा जायचा. सकाळची एसटी, वाईला चहा, मग पसरणीचा घाट. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आण्णांसाठी हटकून वांग्याचं भरीत. ज्या शाळेबद्दल सांगते तिचं नाव नको, पण तिच्या लांब दिवाणखान्यात भिंतीला टेकून एक उभा पियानो होता, काळा, दोन पितळी मेणबत्तीदाण्या लावलेला. तो मिस पिंटोंचा. म्हणजे शाळेचा, पण तीस वर्षं त्याच शिकवत होत्या. उंच, काटकुळ्या, कायम करड्या स्वेटरमध्ये. मराठी त्यांची स्वतःची होती. मी दिसले की आधी विचारायच्या, "शालन, तू खाल्ला काय?" आणि उत्तराची वाट न बघता केक पुढे करायच्या.

पियानोत काय असतं ते थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पट्टी दाबली की आतली एक हातोडी उठून तारेवर आपटते आणि लगेच मागे पडते. ही हातोडी एका लाकडी बिजागरीवर हलते. बिजागरीत सुईएवढी पितळी पिन, आणि पिनेभोवती छोट्याशा भोकात लोकरीच्या कापडाचं अस्तर. अशा अठ्ठ्याऐंशी हातोड्या. पाचगणीच्या धुक्यात ते अस्तर ओल धरून फुगतं, पिनेला आवळतं, मग हातोडी उठते ती पडतच नाही. उपाय एकच. एकेक बिजागरी सोडवायची, पिन काढायची, अस्तर सुकवून भोक जरासं मोकळं करायचं, पिन घासून पुसून परत घालायची. एका बिजागरीला, हात चांगला असला तर, पंधरा मिनिटं.

त्या वर्षी श्रावणात आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते आठ दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी खालच्या औषधाच्या दुकानात मिस पिंटोंचा फोन आला. परवा सकाळी मुंबईहून परीक्षा घ्यायला बाई येणार, अकरा मुली बसणार, आणि पियानोच्या अर्ध्या पट्ट्या मेल्यासारख्या पडल्यात. मी म्हणाले, मी उद्या येते. आण्णांना विचारलंही नाही, दवाखान्यात जाऊन नुसतं सांगितलं. ते उशीवरूनच म्हणाले, "जमंल तेवढ्याच कर. न्हाई जमल्या तर मिसला सांग, त्या पट्ट्या सोडून वाजवा म्हनावं. घाई करू नगंस."

सकाळी निघताना आईनं पिशवीत डबा ठेवला आणि त्याखाली मशीनच्या तेलाची बाटली, फडक्यात गुंडाळून. "न्हाईच उरकलं तर," ती म्हणाली. "त्यांना सांगू नगंस." तिला मुलगी अडू नये एवढंच वाटत होतं. मी नको म्हणू शकले असते. मी डबा नीट बसवला आणि पिशवीची गाठ मारली.

साडेदहाला मी पियानो उघडला. एक्कावन्न हातोड्या जड होत्या. पहिल्या मी अगदी आण्णांसारख्या केल्या. पिन काढली, पुसली, अस्तर सुकवलं, शंखजिऱ्याची चिमूट, परत बसवली, बोटानं ढकलून पाहिली, पाच वेळा डोलली पाहिजे. हाताला सवय होती पण वेग नव्हता. जेवायला उठले नाही. दोनदा पिन हातातून पडली आणि सतरंजीत शोधायला दहा दहा मिनिटं गेली. चार वाजले तेव्हा एकोणीस झाल्या होत्या, बत्तीस उरल्या होत्या, आणि साताऱ्याची शेवटची गाडी सहाला होती. दारात दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, वेण्या घातलेल्या, बारातेरा वर्षांच्या. एकीनं एका पट्टीकडे बोट करून विचारलं, "दीदी, होईल ना? माझ्या परीक्षेच्या तुकड्यात ती पट्टी खूपदा येते." मी होईल म्हणाले.

त्यांची पाठ वळली आणि मी बाटली काढली. सुईच्या टोकावर एकेक थेंब घेऊन बत्तीस बिजागऱ्यांत सोडला. अर्धा तास लागला. काय सांगू, सगळ्या हातोड्या लोण्यात फिरल्यासारख्या फिरायला लागल्या. माझ्या एकोणीस नीट केलेल्यांपेक्षा छान. मिस पिंटोंनी बसून वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताचा तो हलका भार मला साताऱ्यापर्यंत जाणवत होता. आनंदाचा होता का भीतीचा, हे तेव्हाही सांगता आलं नसतं.

परीक्षा उत्तम झाली. अकराही मुली पास. आण्णांनी दवाखान्यात विचारलं, "किती हुत्या?"

"एक्कावन्न."

"सगळ्या केल्यास?"

"व्हय."

"कशा?"

"तुमी करता तशा," मी म्हणाले.

त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना हाक मारली, मग समोरच्या, मग नर्सबाईला. आमच्या पोरीनं एका दिवसात एक्कावन्न केल्या, माझ्या हातनं वीस व्हत न्हाईत. टाके ताजे होते, हसताना त्यांना पोट धरावं लागत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढे आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी लपवल्या असतील, पण त्या वॉर्डातली ती पंधरा मिनिटं आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

दसरा झाला आणि पुन्हा फोन आला. पियानो बंद पडला होता. या वेळी आण्णा निघाले, मी बरोबर. गाडीत ते हवेबद्दल बोलत होते, यंदा धुकं लांबलं म्हणून. दिवाणखान्यात मिस पिंटो उभ्या होत्या. आण्णांनी झाकण उतरवलं, एक हातोडी सोडवली, बोटानं ढकलली. ती हललीच नाही. त्यांनी पिन दाबून बाहेर काढली. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की जसा हिरवा कळंक चढतो तसा तिच्यावर चढला होता, चिकट. आण्णांनी ती बिजागरी नाकाशी नेली. वास घेतला. आणि मग माझ्याकडे बघितलं.

तो वास आमच्या घरात रोजचा होता. त्यांना विचारायची गरजच नव्हती.

"काय झाला, आण्णा?" मिस पिंटोंनी विचारलं.

आण्णांनी हातोडी रुमालावर ठेवली. "मिस, आमच्या हातनं चूक झाली," ते म्हणाले.

"आमच्या न्हाई," मी म्हणाले. "माझ्या." आणि मग सगळं सांगितलं. एकोणीस, बत्तीस, चार वाजता, तेल. आईचं नाव तेवढं घेतलं नाही. बोलताना मी त्या पितळी मेणबत्तीदाणीकडे बघत होते.

मिस पिंटो रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पियानोजवळ गेल्या, एक पट्टी दाबली, ती खालीच राहिली. "मुलींचा परीक्षा झाला ना," त्या म्हणाल्या. "त्यासाठी थँक यू. पण मला सांगायला पाहिजे होता. त्याच दिवशी. मी तो तेल लगेच पुसून घेतला असता, नाय?" मग स्वेटर सारखा करून त्यांनी आण्णांना विचारलं, "ख्रिसमसचा आधी होणार?"

"दिवाळीत करतो. शाळा रिकामी आसती," आण्णा म्हणाले. "सगळं अस्तर नवं घालावं लागंल."

परतीच्या गाडीत घाट उतरून झाल्यावर ते म्हणाले, "त्याल कुठनं आणलंस?"

"मीच घेतलं. घरातनं."

"शालन, एक खोटं बोललीस तेवढं पुरं."

मग मी सांगितलं. वाटलं, आता घरी गेल्यावर आईची धडगत नाही. आण्णा खिडकीतून उसाच्या पट्ट्याकडे बघत राहिले. "तिला वाटलं आसंल पोरगी अडंल," ते एवढंच म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, "मी बी दवाखान्यात लय डांगोरा पिटला. आता त्या नर्सबाईला काय सांगू?" आणि हसले. मला मात्र रडू फुटलं, आणि कंडक्टर बिचारा विचारायला आला, ताईंना गाडी लागली का.

आईनं ऐकून घेतलं, उलट बोलली नाही, हीच घरातली मोठी गोष्ट होती. त्या सोमवारी तिनं मशीनला तेल घातलं नाही. पुढच्याही सोमवारी नाही. मशीन हळूहळू दात खाल्ल्यासारखा आवाज करायला लागली, धागे तुटायला लागले. शेवटी एका दुपारी आण्णाच हातातलं काम ठेवून उठले, बाटली घेतली आणि मशीनपाशी खाली बसून चाकाच्या प्रत्येक भोकात तेल सोडलं. "हौसा, ही लोखंडाची हाय," ते म्हणाले. "हिनं काय केलंय तुजं?" आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी बी येनार दिवाळीला. तितं."

तर त्या वर्षी आमची दिवाळी पाचगणीच्या एका रिकाम्या शाळेत झाली. आम्हाला स्वयंपाकघराशेजारची खोली दिली होती. आईनं चिवड्याचा डबा, करंज्या, स्टोव्ह आणि उटणंसुद्धा आणलं. दिवाणखान्यात जमिनीवर जुनी चादर पसरली आणि तीवर बत्तीस हातोड्या ओळीनं मांडल्या. आण्णा आतून जुनं तेलकट अस्तर काढत, भोक साफ करत. माझं काम नवं घालायचं. लाल लोकरीची पट्टी, करंगळीच्या नखापेक्षा अरुंद, तिचं टोक कापून अणकुचीदार करायचं, भोकातून ओढून घ्यायचं, सरस लावायचा, दोन्ही बाजूंनी पात्यानं सफाईदार कापायचं. जरा सुरकुती पडली तर फुकट. पहिल्या दिवशी माझ्या पाच झाल्या, त्यातल्या दोन आण्णांनी परत काढल्या.

आई भिंतीला टेकून बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुढे सरकली. "दे हिकडं."

"आई, ते नाजूक काम आहे."

"दे म्हनते नव्हं."

तिनं पट्टी बोटांत धरली, ओठांनी टोक ओलं केलं, अंगठ्यानं पीळ दिला आणि एका झटक्यात पलीकडून ओढून घेतली. सरस, पातं, झालं. आण्णांनी पिन घालून पाहिली. हातोडी पाच वेळा डोलली आणि थांबली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघितलं. "हौसा, हे कुठं शिकलीस?"

"परकरात नाडी घालायला शिकावं लागतंय व्हय?" आई म्हणाली, आणि पुढची उचलली.

तिनं माझ्या हातात उरलेल्या सगळ्या केल्याच, वर माझ्या पहिल्या एकोणीसांपैकी दोन सैल वाटत होत्या त्याही केल्या. मी तिला पट्ट्या कापून देत होते. आण्णा आता मिस्त्री राहिले नव्हते, तिच्या हाताखाली काम करत होते आणि त्यांना ते फार आवडलेलं दिसत होतं. मधेच ते बायकोला करंजी भरवत, तिचे हात सरसाचे म्हणून. मिस पिंटो एकदा दारात येऊन बघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुझा आई मोठा कारागीर आहे." मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यास्नी चिवडा दे जा."

पाडव्याच्या दुपारी सगळं परत जागेवर बसलं. मिस पिंटोंनी एक संथ गाणं वाजवलं, मध्ये न थांबता, आणि झाल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मग आण्णांनी अगदी डावीकडची, सगळ्यात खालच्या सुराची पट्टी उचलून बाहेर काढली. पियानोची पट्टी आत हातभर लांब असते. तिच्या लाकडी बाजूवर पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. एक इंग्रजी, पुसट झालेलं. एक आण्णांच्या गोवेकर गुरूचं. एक आण्णांचं. मोठं काम करणारा तिथं नाव लिहितो, अशी रीत आहे. मी ती पट्टी तोवर कधी पाहिली नव्हती. आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली आणि आईपुढे धरली.

"माजं कशाला?" ती म्हणाली. "मी तर त्याल दिलं."

"आन् निस्तरलंस बी. लिव्ह."

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं पट्टी मांडीवर घेतली, जिभेचं टोक दातांत धरलं आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, हौसाबाई. थोडं थांबून पुढे लिहिलं, फलटण. माणसाचं नाव लिहिलं की गाव लिहावं लागतं असा तिचा समज. आण्णांनी तो दुरुस्त केला नाही. मग तिनं पेन्सिल माझ्याकडे केली. मी ती घेतली आणि पेटीत ठेवून दिली. कुणी आग्रह केला नाही.

माझं नाव त्या पट्टीवर यायला पुढे चार वर्षं लागली. तेव्हा मी एकटीच गेले होते, आणि तीन दिवस राहून सगळ्या अठ्ठ्याऐंशी केल्या होत्या. जागा फार उरली नव्हती, आईनं फलटण लिहिताना निम्मी पट्टी घेतली होती. मला अगदी बारीक अक्षरात लिहावं लागलं.